जुन्या जबड्यांची साफसफाई

उक्त इसम पुरुष, वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, बांधा किरकोळ, चेहऱ्यावरील भाव कायम कुठूनतरी वास येत असल्यासारखा. हुद्दा : संगणक-देखभाल अधिकारी, दंतसाहित्य कार्यशाळा. कर्तव्ये : यंत्रणा अद्ययावत राखणे, माहितीचे जतन करणे व अनावश्यक बाबींचे निर्मूलन करणे. पैकी तिसऱ्या कर्तव्याकडे इसमाचा विशेष ओढा असल्याचे दिसून येते.

कार्यशाळेत त्याला ‘बोळा’ म्हणत. पाठीमागे, अर्थात. तोंडावर ‘साहेब’.

कार्यशाळा कवळ्यांची. पूर्वी तिथे भिंतभर मांडण्या होत्या आणि मांडण्यांवर प्लॅस्टरचे जबडे. जिवंतांचे, मेलेल्यांचे, कवळी करायला टाकून परत न आलेल्यांचे. सगळे आ वासून. कामाच्या पहिल्याच दिवशी बोळ्याने त्यातला एक चिमटीत उचलला, हिरडीवर साचलेली धूळ पाहिली आणि जेवणाचा डबा न उघडता तसाच घरी परत नेला. पुढे जबड्याचं चित्र संगणकात उतरवणारं यंत्र आलं, तेव्हा त्यानेच मालकांच्या गळी उतरवलं : चित्र घेतलं की प्लॅस्टर फेकायचं. जबडे पोत्यांत भरून गेले. त्या दिवशी तो पोटभर जेवला.

त्याची किळस मोठी नेकीची होती, माणूस पाहून बदलत नसे. कीबोर्ड उलटा करून आपटला की बिस्किटांचा चुरा, केस, नखांचे तुकडे पडत. ते तो श्वास रोखून पुसत असे. पण खरी शिसारी त्याला फायलींची. ‘फायनल’, ‘नवीन फायनल’, ‘हेच फायनल’, ‘हेच फायनल, जुनं नको’. आणि जुनं शेजारीच.

“ही माणसं घरी उष्टी ताटंसुद्धा तारखा घालून ठेवत असतील,” तो म्हणे.

घरी आई होती. तिची जुनी कवळी तडकली होती, तरी ती खिडकीतल्या पेल्यात पडून असे. पाणी गढूळ, कडेला बुळबुळीत कंगोरा. बोळा त्या खिडकीकडे पाठ करून चहा पीत असे. नव्या कवळीसाठी दंतवैद्याने आईच्या तोंडात गुलाबी लगदा भरून ठसा घेतला होता. आई ओकली होती, ती नेमकी दंतवैद्याच्या बुटांवर.

“पुन्हा हा चिखल तोंडात घेणार नाही,” तोंड पुसत ती म्हणाली होती. “मेले तरी नाही. सांगून ठेवते.”

एरवी तिने ठसाही दिला नसता. पण तिची धाकटी बहीण बऱ्याच वर्षांनी भेटायला येणार होती. बहिणीचे सगळे दात शाबूत. “ती हसत नाही रे,” आई म्हणे, “दात मोजून दाखवते. तिच्यासमोर मी बोडक्या हिरड्यांनी बसू?” ती रविवारी यायची होती, त्याच्या आत कवळी हवी होती.

ठसा कार्यशाळेत आला. त्याचं प्लॅस्टर झालं, प्लॅस्टरचं चित्र संगणकात गेलं आणि प्लॅस्टर, नियमाप्रमाणे, कचऱ्यात. त्याच संध्याकाळी बोळ्याने खिडकीतली कवळी चिमट्याने उचलली.

“अरे, नवी येऊ तरी दे!”

“येतेच आहे. येऊ दे, असू दे, राहू दे करूनच घरं सडतात, आई.”

कवळी टाकली. मग चिमटा घासला. मग चिमटाही टाकला.

दुसऱ्या दिवशी कवळ्या कोरणारं यंत्र बंद पडलं. संगणकात जागाच उरली नव्हती. काही आठवड्यांपूर्वी बोळ्यानेच तिथली प्रणाली बदलून नवी घातली होती. अशा बदलात जुनी प्रणाली, आतल्या सगळ्या फायलींसकट, एका फोल्डरमध्ये शिल्लक राहते. नवीन जमलं नाही तर परत फिरता यावं म्हणून. नवीन उत्तम जमलं होतं. तरी ते धूड अर्धी डिस्क अडवून बसलेलं. बोळ्याच्या अंगावर काटा आला. आपल्या नाकाखाली इतके दिवस हे सडत होतं.

त्याने कोणाला विचारलं नाही. विचारलं की लोक ‘असू दे’ म्हणतात, हा त्याचा अनुभव. पडद्यावर प्रश्न आला : हे कायमचे जाईल, खात्री आहे? या प्रश्नाला त्याने जन्मात कधी ‘नाही’ म्हटलं नव्हतं. फोल्डर गेलं. मग फरशीवर फिनेल फिरवावं तशी त्याने रिकामी झालेली जागा शून्यांनी पुसून घेतली, म्हणजे मागे डागसुद्धा राहायला नको.

“आता आईची कवळी लावा यंत्रावर,” तो प्रसन्नपणे म्हणाला.

कवळ्यांचं आरेखन करणाऱ्या बाई जेवून आल्या, जागेवर बसल्या आणि बराच वेळ माऊस हलवत राहिल्या.

“साहेब, माझं फोल्डर कुठंय?”

“कुठलं?”

“ते हो, ‘जुनी प्रणाली’.”

“ते तुमचं नव्हतं. उरलेला कचरा होता तो.”

“अहो, मी त्यातच काम करत होते!”

“कचऱ्यात?”

“तुम्हीच म्हणाला होता ना, काही बिघडलं तर सगळं यात सुरक्षित आहे म्हणून? मग म्हटलं, सुरक्षित जागा सोडून उघड्यावर कशाला बसा? रोजचं सगळं, जबड्यांची चित्रंसुद्धा, तिथेच ठेवत होते.”

गाडीच्या डिकीत बसून प्रवास करणाऱ्याकडे बघावं तसा बोळा त्यांच्याकडे बघत राहिला. रोज रात्री निघणाऱ्या फायलींच्या राखीव प्रतीत ते फोल्डर नव्हतं. त्यानेच वगळलं होतं. कचऱ्याची प्रत कोण काढतं?

“काय काय होतं त्यात?”

“बाकी सगळ्या कवळ्या कोरून गेल्यात. यंत्र बंद पडलं म्हणून तेवढी एकच अडकली होती.” बाईंनी चष्मा काढला. “आईंची. कालच पुरी केली. पुढचे दोन दात मी त्यांच्या लग्नातल्या फोटोवरून घेतले होते हो. आणता नाही का येणार परत?”

“मी वरून पुसूनही घेतलं.”

“कशाला?”



घरी आईने सगळं ऐकून घेतलं.

“आणि ते प्लॅस्टर?”

“फेकलं.”

“माझी जुनी?”

त्याने रिकाम्या कचऱ्याच्या डब्याचं झाकण नीट लावलं.

“मला तेवढी ठेवलीस. उपकार झाले.”

दंतवैद्याकडे पुन्हा जाऊ या, असं त्याने जपून सुचवलं. आईने ओठ मिटले. दात नसलेलं तोंड मिटलं की नाडी ओढलेल्या बटव्यासारखं मिटतं. त्यात लगदा सोडाच, चमचाही जाणार नाही. बोळ्याला ते बघवलं नाही. त्याने खिडकीकडे पाहिलं. तिथे पेल्याचा गोल डाग होता. तो ओल्या फडक्याने पुसायला लागला.

रविवारी मावशी आली. पुष्कळ हसली. आई तोंडाला रुमाल लावून बसली आणि मान हलवत राहिली.

सोमवारी इसमाने वरिष्ठांस अहवाल सादर केला : प्रणाली-बदलानंतर उरलेल्या अनावश्यक बाबींचे निर्मूलन पूर्ण झाले असून यंत्रणेत जुने काहीही शिल्लक नाही. कामकाज सुरळीत सुरू आहे.

आईच्या तोंडात एकही दात नाही.