आक्काची भट्टी

आक्काचा थोरला भाऊ आयुष्यात कधी खोटं बोललेला नाही, असं तो स्वतःच सांगतो. त्यामुळे भाचीच्या होणाऱ्या सासूने फोनवर "मुलीची आई काय करते?" असं विचारलं, तेव्हाही दादा खोटं बोलला नाही. "बहिणीची भट्टी आहे," म्हणाला, "नदीकाठी."

आता भट्टी म्हटल्यावर भल्या घरच्या बाईला काय आठवणार? पाव! बाई खूश झाली. "अगंबाई, बेकरी! कष्टाचं काम हो." दादा "हो ना, हो ना" म्हणाला आणि फोन ठेवून त्याने कपाळावरचा घाम पुसला.

भट्टी होती बिअरची. नदीच्या वळणावर एक जुनी शेड आहे, पूर्वी तिथे होड्या दुरुस्त व्हायच्या. आत आक्काच्या टाक्या, आणि पुढे पाण्यावर काढलेल्या लाकडी ओट्यावर तिचा पब. बाकांवर बसलं की फळ्यांच्या फटींतून खालचं पाणी दिसतं. संध्याकाळी तिथे शिक्षक येतात, नावाडी येतात, बँकेतल्या बाया येतात. भांडण करणाऱ्याला आक्का एकदाच सांगते, दुसऱ्यांदा सांगायची वेळ अजून आलेली नाही.

नवरा अचानक गेला तेव्हा लेक मांडीवर होती. आक्का एका मोठ्या कारखान्यात बिअरच्या टाक्या धुवायला लागली. टाकीत उतरायचं आणि घासत बसायचं. घासता घासता नाक तयार झालं, मग हात तयार झाला. कारखाना बुडाला तेव्हा बाकीचे नशिबाला बोल लावत बसले. आक्काने पोचे आलेल्या दोन टाक्या भंगारवाल्याच्या तावडीतून सोडवल्या. परवान्यासाठी कचेरीत खेटे घातले. साहेब म्हणाला, "बाई, हे बायकांचं काम नव्हे." आक्का म्हणाली, "टाक्या धुताना नाही कोणी आडवं आलं." मिळाला परवाना!

एवढं सगळं झालं, पण दादाने त्या ओट्यावर कधी पाय ठेवला नाही. बहिणीवर जीव होता, पण लोकांना भ्यायचा. लोक विचारायचे, बहीण काय करते? हा म्हणायचा, भट्टी आहे. आणि विषय बदलायचा. आक्काला हे ठाऊक होतं, आणि ते तिला खुपायचं. टाक्यांच्या वाफेने हात भाजले तेव्हा जेवढं खुपलं नसेल, तेवढं.

आणि होणारा जावई? तो तर ह्या शेडमध्येच भेटलेला! टाक्या गार ठेवणारं यंत्र दुरुस्त करायला आला आणि लेकीत अडकला. त्याला सगळं माहीत होतं. पण घरी आईपुढे त्याच्या तोंडाला कुलूप. कामात वाघ आणि आईपुढे मांजर.

ठरल्याप्रमाणे तो आणि त्याची आई दादाच्या घरी आले. आक्का तिथे नव्हती. दादाने नेमका बिअर शिजवायचा दिवस धरला होता, आणि पातेलं उकळायला लागलं की आक्का त्याच्यापासून हलत नाही. देवाने बोलावलं तरी म्हणेल, थांब, फेस बसू दे.

"भट्टीवर आहे ती," दादा म्हणाला. "येईल उशिरा."

"मग आपणच जाऊ की!" विहीणबाई उठल्याच. "गरम पाव तरी मिळतील."

दादाने चपला शोधायला उगाच वेळ लावला. पण नाही म्हणायला तोंड हवं ना.

शेडच्या दारात खरंच पावासारखा वास होता. मोड आणून भाजलेले जव आक्का दळून गरम पाण्यात भिजवते, त्याचा तो वास. विहीणबाईंनी हसत दोन पावलं आत टाकली. मग टाक्या दिसल्या. मग ओट्यावरचे ग्लास दिसले.

"ही... ही बेकरी नाही? दारूची भट्टी आहे?"

दादा घाईने पुढे झाला. "म्हणजे तसं बघायला गेलं तर..."

"हो, दारूची," आक्का म्हणाली. हातातला लांब दांड्याचा डाव तिने खाली ठेवला नाही. "बिअर. मीच करते, मीच विकते, आणि दिवस संपला की एक ग्लास पितेही. बेकरी कोणी सांगितली तुम्हाला?"

त्यांच्याबरोबर आलेली लेक सवयीने कोपऱ्यात ग्लास पुसायला लागली होती, तिचा हात थांबला. होणाऱ्या जावयाने यंत्राकडे असं बघितलं, की जणू आत्ताच बिघडलंय.

विहीणबाई वाईट नव्हत्या. शेजारीपाजारी, नातेवाईक, सगळ्यांना काय सांगायचं ह्या धास्तीने त्या घामाघूम झाल्या होत्या. "हे बघा," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मुलगी मला पसंत आहे. लग्न होऊ दे. फक्त एक करा. आमच्या माणसांत तुमची बेकरीच आहे. कोणी विचारलं तर तुम्हीही तेच सांगायचं."

एवढंच! एक शब्द. लेकीचा संसार एका बाजूला आणि एक शब्द दुसऱ्या बाजूला. आक्काने लेकीकडे पाहिलं. लेकीसाठी ती टाकीत उतरली होती, मग एवढंसं खोटं काय जड होतं? हो म्हणायला तिने तोंड उघडलं, तोच पातेल्यातला फेस काठावर आला. आक्का वळली, आच कमी केली, डाव फिरवत राहिली. डोळ्यांत वाफ गेली म्हणा हवं तर.

पाठीमागून लेकीचा आवाज आला.

"नाही जमणार, काकू. माझी आई दारू गाळते. त्यावर मी शिकले. लग्नाला येणाऱ्याला मी हेच सांगणार. ज्याला लाज वाटते त्याने येऊ नये." मग तिने होणाऱ्या नवऱ्याकडे पाहिलं. "तुलाही सांगतेय."

विहीणबाई तडक बाहेर निघाल्या. "चल रे!"

तो दारापर्यंत गेला. आईला रिक्षात बसवलं. सगळ्यांनी ऐकलं, तो म्हणाला, "तू हो पुढे. आणि आई, मला पहिल्यापासून माहीत होतं." रिक्षा गेली. तो परत आत येऊन यंत्रापाशी उभा राहिला. कान लालभडक झाले होते, पण आला.

राहिला दादा. शेडच्या मधोमध, जत्रेत हरवल्यासारखा. ओट्यावरून एक म्हातारा नावाडी ग्लास भरून घ्यायला आला, त्याने दादाला खालीवर न्याहाळलं. "नवीन दिसता. माल झकास असतो हो इथला. कोणाची भट्टी आहे माहितीये का?"

दादाने आक्काकडे पाहिलं. आक्का पातेल्यापाशी पाठमोरीच उभी होती, पण डाव फिरायचा थांबला.

"माझ्या बहिणीची," दादा म्हणाला. मग घसा खाकरून, ओट्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, "दारूची!"

आक्काने मागे न बघता खांद्यावरचं फडकं काढून त्याच्याकडे फेकलं.

"मग उभा काय राहिलास? ग्लास पूस."