शेवटचा हात जमदग्नींचा

आमचे टीम लीड रागावले की कीबोर्ड मोडत. कंपनीचा मात्र कधीच नाही. बुधवार पेठेतल्या जुन्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून बंद पडलेले कीबोर्ड ते स्वतः आणून टेबलाखाली ठेवत आणि वेळ आली की त्यातला एक गुडघ्यावर आपटत. आम्ही त्यांना जमदग्नी म्हणत असू. एकदा त्यांनी भिरकावलेला कप माझ्या कानाजवळून जाऊन भिंतीवर फुटला. मला त्यांची भीती वाटे, चीडही येई. पण नोकरी सोडायची सोय नव्हती. माझ्या पगारावर धाकट्या बहिणीचं नर्सिंगचं शिक्षण चाललं होतं, आणि हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं.

वारज्यातल्या त्या छोट्या ऑफिसात आम्ही विद्यार्थ्यांसाठी ऑनलाइन कोड एडिटर बनवत होतो. ब्राउझर उघडायचा आणि तिथंच कोड लिहायचा. सगळा कोड काळाच दिसे. तो रंगीत करायचं काम माझ्याकडे आलं. मी हौसेनं हाताला येईल तो रंग घातला. "अहो, मुलांनी कोड वाचायचाय, रंगपंचमी खेळायची नाहीये!" ते गरजले. शेवटी आज्ञेचे शब्द निळे, अवतरणातला मजकूर हिरवा आणि टिपा करड्या, एवढंच उरलं. खरं सांगायचं तर ते छान दिसत होतं.

"शेवटचा हात माझा," ही त्यांची आणखी एक खोड. आमचं काम संपलं की कुणाला न सांगता ते त्यात काहीतरी बदलत. शेठ पाहुणे घेऊन आले त्या सकाळीही त्यांनी तेच केलं.

शेठ म्हणजे मालक. जमीन विकून कंपनीत उतरलेला तापट माणूस. कॉलेज चालवणाऱ्या पाहुण्यांसमोर त्यांनी ऐटीत स्वतःचं नाव टाइप करायला घेतलं. प्रत्येक अक्षराला रंग चढे आणि कर्सर उडी मारून सुरुवातीला जाई. शेठचं नाव पडद्यावर उलटं उमटलं. पाहुणे हसले आणि निघून गेले.

"माझी मस्करी करती व्हय गं?" म्हणत शेठ लोखंडी स्टूल उचलून माझ्या अंगावर आले. रंगांचं काम माझं, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

जमदग्नी मध्ये उभे राहिले. "कोड माझा आहे. यांना हात लावायचा नाही."

स्टूल त्यांच्या खांद्यावर बसलं, मग कपाळावर. भुवई फाटली, रक्त शर्टावर आलं. मी ओरडत होते, "अहो, कुणीतरी शेठना धरा!" आयुष्यभर आदळआपट केलेला तो माणूस हात पाठीमागे बांधून मार खात राहिला. दमल्यावर शेठनं स्टूल फेकलं. "उद्यापासून ह्यो हितं दिसला नाय पायजे."

दवाखान्यात नेताना रिक्षात मी विचारलं, "का नाही मारलंत?"

"मारलं असतं तर त्यानं ऑफिसलाच कुलूप लावलं असतं. मग तुमच्या बहिणीनं काय करायचं?"

दवाखान्यात टाके घालायची तयारी चालली होती आणि मी हुंदके देत होते. "रडताय काय? रंग देण्याआधी कर्सर कुठे होता ते धरून ठेवायचं, रंग दिला की परत तिथंच ठेवायचा. मी विसरलो. जा, नीट करून या."

मी ऑफिसात गेले. कर्सर नीट केला आणि परत आले. कॉट रिकामी होती. कंपाउंडर म्हणाला, "ताई, टाके घालताना त्यांनी हूं की चूं केलं नाही. जाताना मात्र दाराला अशी लाथ घातली, बिजागरीच निघाली. मग पायरीवर बसून किती वेळ रडत होते."