वखारीत मोजलेले पाच आकडे

निपाणीच्या एका वखारीत मी काढलेला फोटो आठवला की अजून किळस येते. मालकांना तंबाखूच्या ढिगासमोर खुर्चीत बसायचं होतं आणि मागं तंबाखू चाळणाऱ्या बाया उभ्या हव्या होत्या.

मी म्हणालो, "अंगणात घेऊ. उन्हात भिंगावरची टोपी काढून लगेच लावली की झालं. इथल्या अंधारात पाच आकडे मोजावे लागतील. तेवढ्यात कुणी हललं, की तोंड पुसलं जाईल."

"अंगणात माझा माल दिसंल व्हय? हितंच काढा," ते म्हणाले. मग मागं वळून ओरडले, "दम धरा गं! कुणी खोकायचं न्हाय!"

हे सांगताना त्यांनी स्वतःच्या नाकाला उपरणं लावलं होतं. मी भिंगाच्या टोपीला हात घातल्यावर ते खाली घेतलं. मी मोजू लागलो. दोन म्हणेपर्यंत एकीला ठसका लागला, मग सगळ्याच खोकू लागल्या. मी थांबलो नाही.

फोटोची काच धुऊन तिच्यावरून प्रत छापली तेव्हा मालकांच्या मिशीचा केस न् केस दिसत होता. मागं नुसती लुगडी होती, वर पांढरे डाग. मालक खूश झाले. त्यांनी मोठी प्रत करायला सांगितली.

मी ती प्रत द्यायला गेलो, तेव्हा एक बाई दारात आडवी आली. "अण्णा, ह्यात मी कंची?"

मी एका डागावर बोट ठेवलं. ती हसली. मला स्वतःच्या बोटाची शिसारी आली.