वेशीच्या आतला वाढदिवस

माझे वाढदिवस दोन. एक शाळेच्या दाखल्यावरचा. तो मैत्रिणी आणि ऑफिसातली मंडळी केक कापून साजरा करतात. दुसरा तिथीचा, माघ वद्य द्वादशीचा, म्हणजे महाशिवरात्रीच्या दोन दिवस आधीचा. तो आईचा. पहिल्या वाढदिवसाला आई तोंडदेखलं हसते आणि केकचा तुकडा चवीपुरता खाते. तिच्या मते त्या दिवशी मी मोठी होतच नाही. मोठी होते ती द्वादशीला, पाटावर बसून, कुंकू लागल्यावर आणि डोक्यावर अक्षता पडल्यावर. आणि तेही दिल्लीच्या हद्दीत.

हद्दीचं आधी सांगायला हवं. वाढदिवसाच्या तिथीला गावाची वेस ओलांडायची नाही, हा आईच्या माहेरचा नियम. का, ते कोणालाच माहीत नाही. विचारलं की "नसते ओलांडत" एवढंच उत्तर यायचं, आणि त्यावर आणखी प्रश्न विचारणाऱ्याला एखादं काम सांगितलं जायचं. आईबाबा लग्नानंतर लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायला आले, तेव्हा माहेरचे बरेच नियम दिल्लीच्या हवेला टिकले नाहीत. चातुर्मासात कांदा-लसूण सुरू झाला, सोवळं तर पहिल्याच हिवाळ्यात बंद पडलं, कारण त्या थंडीत ओलेत्याने स्वयंपाक करायची आईची तयारी नव्हती. वेशीचा नियम मात्र राहिला. तो पाळायला गरम पाणी लागत नव्हतं.

तिथी म्हटली की पंचांग आलं, आणि दिल्लीच्या पंचांगाशी आईचं सुरुवातीलाच वाजलं होतं. माझा पहिला वाढदिवस तिने कोपऱ्यावरच्या वाण्याने दिलेल्या हिंदी कॅलेंडरात बघून ठरवला. माघ कृष्ण द्वादशी सापडली, शेजारपाजारच्या बायका जमल्या, शिरा झाला, माझं औक्षण झालं. दोन दिवसांनी महाशिवरात्र यायला हवी होती, ती आलीच नाही. आईने रताळी आणून ठेवली होती. शेवटी शेजारच्या पंजाबी आंटी म्हणाल्या, "शिवरात्रि तो फागुन में आती है बहनजी, अभी तो पूरा महीना पड़ा है।" आपला महिना अमावास्येला संपतो आणि इकडच्या लोकांचा पौर्णिमेला, हे आईला तेव्हा कळलं. शुद्ध पक्षात दोघांचं जमतं, पण वद्य पक्ष लागला की त्यांचा महिना आपल्या पुढे जातो. आपला वद्य माघ तो त्यांचा फाल्गुन. त्यांच्या माघात वाढदिवस केला तर पोर महिनाभर आधीच मोठी होते. आईने महिन्याने पुन्हा सगळं साग्रसंगीत केलं. त्यानंतर दर वर्षी मामा पुण्याहून कॅलेंडर गुंडाळी करून पाठवायला लागला, आणि हिंदी कॅलेंडर घरात आलंच तर ते डब्यांच्या फळीवर कागद म्हणून जायचं.

पुण्याच्या नातेवाइकांना वाटायचं, हे दिल्लीला राहतात म्हणजे दर रविवारी हिमालयात जात असणार. खरं तर आमच्या सगळ्या सुट्ट्या आगगाडीत बसून पुण्याला जाण्यात खर्ची पडायच्या. हिमालयात जायचे ते आमचे पाहुणे. दिल्लीतलं मराठी घर ही धर्मशाळाच असते. कोणी चारधामला, कोणी सिमल्याला, कोणी वैष्णोदेवीला निघालेलं असायचं. जड बॅगा ते आमच्या पलंगाखाली ठेवून जायचे, बाबा त्यांना बसअड्ड्यावर सोडून यायचे, आणि आठवड्याने ते नाकं सोललेली, गाल लाल झालेले असे परतायचे. मग आमच्या बैठकीत बसून ते आम्हालाच बर्फाच्या गोष्टी सांगत, आणि आई त्यांच्या चिखलाने भरलेल्या शाली कोमट पाण्यात भिजवत असायची. मला ते लोक आवडायचे आणि त्यांचा रागही यायचा. एका आत्याने तर मला विचारलं होतं, "तुला काय गं नवल बर्फाचं, तू इथलीच." मी तोपर्यंत बर्फ बघितला होता तो फक्त फ्रीजमध्ये.

तिथीला वेस ओलांडता येत नसल्यामुळे आमची वाढदिवसाची सहल वेशीच्या आतच व्हायची. त्याबद्दल मात्र माझी तक्रार नाही. माघ संपत आला की दिल्लीइतकं देखणं शहर नसतं. धुकं गेलेलं असतं, ऊन अंगावर घ्यावंसं वाटतं, रस्त्याच्या कडेच्या सावरींना लाल फुलं लागतात आणि सरकारी चौकांतसुद्धा फुलांचे ताटवे असतात. बाबांच्या स्कूटरवर मी पुढे उभी, आई मागे, तिच्या मांडीवर डबा. लोदी बागेत चादर अंथरायची, दशम्या, मटारची उसळ आणि संत्री खायची, आणि बाबांनी तोंडावर वर्तमानपत्र ठेवून घोरायचं. पुढे स्कूटर जाऊन छोटी गाडी आली, मी शाळेतून कॉलेजात गेले, तरी ती चादर आणि ते घोरणं चालूच राहिलं.

निवृत्तीच्या आधी बाबांनी दिल्लीच्याच पश्चिम टोकाला, द्वारकेत, सोसायटीत घर घेतलं. तेव्हा तिथे इमारती पुष्कळ आणि माणसं कमी होती, आणि वारा सुटला की घरात रेती यायची. आईने गॅलरीत तुळस लावली आणि "पुण्यासारखीच मोकळी हवा आहे" असं सगळ्यांना सांगायला सुरुवात केली. तिला करमत नव्हतं हे त्यावरून आम्हाला कळायचं. त्याच सुमारास मला नोएडाच्या एका कंपनीत नोकरी लागली. रोज चार्टर्ड बसने अख्खी दिल्ली आडवी कापायची, यमुना ओलांडायची आणि संध्याकाळी उलटं यायचं. पहिली द्वादशी आली तेव्हा घोळ लक्षात आला.

"नोएडा म्हणजे उत्तर प्रदेश," आई म्हणाली. "म्हणजे वेस."

"आई, तिकडे सगळे कामाला जातात. दिल्लीच आहे ती."

"मग बसवाल्याला कर का भरावा लागतो बॉर्डरवर?"

मी रजा टाकली. मॅनेजरने कारण विचारलं तेव्हा म्हटलं, "सर, उस दिन बॉर्डर क्रॉस नहीं कर सकती।" त्यांनी मान हलवून सही केली. ते स्वतः मंगळवारी केस कापत नसत, त्यामुळे त्यांना पुढे काही विचारावंसं वाटलं नसावं.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी ऑफिसातल्या मैत्रिणींनी सिमल्याचा बेत आखला. महाशिवरात्रीची सुट्टी, तिला जोडून शनिवार-रविवार आणि आधी एक रजा. बर्फ अजून असेल, असं तिथून येणारे सांगत होते. आम्ही चौघी जणी, बरोबर घरचं कोणी नाही. मला आजवर इतकं काही हवंसं वाटलं नव्हतं. मी पुण्याचं कॅलेंडर उघडलं आणि माझा चेहराच पडला. निघायचा दिवस नेमका द्वादशीचा होता.

घरी मी हे जेवताना सांगितलं. आईने वरणाची वाटी खाली ठेवली. "त्या दिवशी नाही. दुसऱ्या दिवशी जा."

"दुसऱ्या दिवशी मी एकटी कशी जाऊ? सगळ्या त्या दिवशी निघणार आहेत."

"मग पुढच्या वर्षी जा."

"पुढच्या वर्षी काय आहे गं? पुढच्या वर्षी लग्न लावाल आणि मग सासरची वेस." हे मी जरा जोरातच बोलले. बाबांनी वर्तमानपत्र उचललं, जेवणाच्या ताटावर. "अहो, तुम्ही तरी सांगा तिला," आई म्हणाली. बाबा म्हणाले, "मी दोघींच्या बाजूने आहे," आणि पान उलटलं. त्यानंतर बरेच दिवस मी आणि आई एकमेकींशी फक्त कामाचं बोलत होतो. मी मैत्रिणींना नाही म्हणून सांगितलं नव्हतं. हो म्हणायचीही हिंमत नव्हती. आईची परवानगी न घेता मी गेले असते तर बर्फात उभी राहूनही मला आनंद झाला नसता, हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याचाच जास्त राग येत होता.

जानेवारी संपत आला होता. धुकं इतकं, की समोरचा टॉवर दिसत नव्हता. सकाळी मी ऑफिसला निघायच्या घाईत खोलीतून बाहेर आले, तर दिवाणखान्यात पाट मांडलेला, भोवती रांगोळी, तबकात निरांजन, सुपारी, आईची अंगठी. शिऱ्याचा वास येत होता. बाबा स्वेटरवर स्वेटर घालून, अंघोळ करून बसले होते.

"हे काय?"

"आज तुझा वाढदिवस," आई म्हणाली. "माघ कृष्ण द्वादशी." तिने स्वयंपाकघराच्या दाराकडे बोट केलं. तिथे मार्केटमधल्या किराणा दुकानाचं हिंदी कॅलेंडर टांगलेलं होतं.

"आई, हे इथलं आहे. आपला अजून पौष चालू आहे."

"माहितेय मला, तुला कशाला शिकवायला हवं. इतकी वर्षं या गावात राहते, इथलं मीठ खाते. मग इथल्या पंचांगाने वाढदिवस केला तर काय बिघडतं? तू जन्मलीस पण इथेच. बस पाटावर. आणि आज रजा टाक, नदी ओलांडायची नाही."

मी स्वेटर, मफलरसकट पाटावर बसले. तिने कुंकू लावलं, अंगठीने आणि सुपारीने ओवाळलं, निरांजन फिरवलं. डोक्यावर अक्षता टाकल्या, नेहमीपेक्षा जरा घाईने. "झाला वाढदिवस," ती म्हणाली. "आता पुढच्या महिन्यात कुठे जायचं तिथे जा." मी तिला पाटावरूनच मिठी मारली तेव्हा अक्षता तिच्या केसांत गेल्या. बाबा म्हणाले, "बिल्कुल शास्त्रोक्त," आणि शिऱ्याची बशी पुढे ओढली. त्या धुक्यात सहल शक्य नव्हती. दिवसभर आम्ही हीटरसमोर बसून शेंगदाणे फोडले.

मग मी सिमल्याला गेले. रात्रभरच्या प्रवासानंतर सकाळी बसमधून उतरले आणि वरच्या रस्त्याला लागल्यावर समोर बर्फ. कडेला ढीग, छपरांवर जाड थर, देवदारांवर पांढरं. आम्ही चौघी मूर्खासारख्या हसत होतो. दुपारी मी एसटीडी बूथवरून घरी फोन लावला. पहिली घंटा पूर्ण वाजायच्या आत बाबांनी उचलला.

"आलीस का गं, म्हणजे पोचलीस का? थांब, देतो. ती काल सकाळपासून इथेच बसलीय फोनजवळ. भाजीसुद्धा इथेच निवडतेय."

आईचा आवाज आला. "पोचलीस? पाय घसरला नाही ना कुठे? गाडी नीट चालवली ना त्याने?"

"मी छान आहे. आई, काल सकाळपासून का बसलीस फोनपाशी? आम्ही निघालोच संध्याकाळी."

ती म्हणाली, "काल द्वादशी होती ना."

"पण तो झाला ना वाढदिवस. महिन्यापूर्वीच."

"तो तुझ्यासाठी केला. मला काही ते पटलं नव्हतं. माझी द्वादशी कालचीच. तू बॉर्डर ओलांडलीस तेव्हा मी निरांजन लावून बसले होते. आता पोचलीस म्हटल्यावर जेवेन."

"मग जाऊ का दिलंस?"

"तुला जायचं होतं ना," आई म्हणाली. "बरं ते राहू दे. इतके पाहुणे आले-गेले, कोणी नीट म्हणून सांगितलं नाही. बर्फ कसा असतो, ते तू सांग."

बूथवाला माझ्याकडे बघत होता आणि मैत्रिणी बाहेरून निघायच्या खुणा करत होत्या. आई पलीकडे थांबली होती, न जेवता. मग मी दाराशी वाकून ढिगातून मूठभर बर्फ उचलला, रिसीव्हर मानेत धरला आणि हातातला बर्फ वितळेपर्यंत तिला सांगत राहिले.