भाऊजी आणि बटण

सोफेवाल्याच्या दुकानामागे एक खोली होती आणि त्या खोलीत तो जगातला सर्वांत मोठा ट्यूबावादक होता. याला साक्षीदार कोणी नव्हता, त्यामुळे वादही नव्हता.

खोलीत छतापर्यंत फोमच्या लाद्या, कापसाची पोती, रेक्झिनच्या गुंडाळ्या आणि कोणाकोणाच्या पोट फुटलेल्या खुर्च्या. मधोमध पाय नसलेला एक सोफा. संध्याकाळी शटर अर्धं खाली ओढलं की सोफेवाला त्या सोफ्यावर बसायचा आणि ट्यूबा मांडीवर घ्यायचा. पितळेचं ते वेटोळं वाद्य एवढं मोठं, की समोरून पाहणाऱ्याला ट्यूबाच सोफेवाल्याला वाजवतोय असं वाटावं. घर बदलणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंनी जुन्या सोफ्यासोबत “हेही न्या” म्हणून तो त्याच्या टेम्पोत ठेवला होता. सुरुवातीला सोफेवाला त्यात स्प्रिंगा ठेवायचा. एकदा सहज स्प्रिंगा ओतून काढल्या आणि फुंकर मारली, तर वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूने पाइप तुंबला समजून प्लंबर बोलावला. आपल्या अंगात कला आहे, असा संशय सोफेवाल्याला त्या दिवसापासून यायला लागला.

संशय पुढे वाढतच गेला. पंधरा-वीस वर्षं त्याने त्या खोलीत एकट्याने रियाज केला. अवघड जागा आली की हळू वाजवायची, सोपी आली की पळवायची, दम लागला की पाणी प्यायचं आणि जिथून आवडेल तिथून पुन्हा सुरू करायचं. गाणं बिचारं थांबून राहायचं. फोम सगळा आवाज पिऊन टाकायचा, म्हणून हा आणखी जोर लावून फुंकायचा. इतक्या वर्षांत एकदाही चुकला नाही. चूक दाखवणारं तिथे होतंच कोण?

बायको होती, पण ती दुकानात शिवणयंत्रावर. ती फक्त एवढंच विचारायची, “झालं का हो माझ्या सवतीशी बोलून? गिऱ्हाईक आलंय.”

तर या बायकोचा थोरला भाऊ म्हणजे बस डेपोतला टाइमकीपर. दिवसभर गाड्यांच्या वेळा सांभाळायचा आणि संध्याकाळी डेपोच्या वरच्या हॉलमध्ये गावातल्या हौशी लोकांचा बँड. तिथे त्याला सगळे मास्तर म्हणायचे. मास्तर तोंडाने फटकळ. चुकलेल्या माणसाची तो अशी काही चंपी करायचा, की त्या माणसाला घरी गेल्यावर आरशात बघायची लाज वाटावी. बँडचा जुना ट्यूबावाला मुलीकडे राहायला गेला तेव्हा मास्तरला नाइलाजाने आपल्या बहिणीच्या नवऱ्याची आठवण झाली.

“भाऊजी,” तो दुकानात येऊन म्हणाला, “याल का आमच्यात? नव्या बागेच्या उद्घाटनाला वाजवायचंय. एका महिन्यावर आलंय.”

“बघतो जमतंय का,” सोफेवाला म्हणाला. खरं तर त्याला शटर पाडून तिथेच नाचायचं होतं.

मास्तरने ट्यूबाचा भाग तोंडाने गाऊन फोनवर पाठवला. आता ट्यूबाचा भाग म्हणजे काय, तर पोम, पोम, मग बराच वेळ काहीच नाही, मग पुन्हा पोम. सोफेवाल्याने पहिल्याच दिवशी त्यातलं ‘काहीच नाही’ बोटाने पुढे सरकवून टाकलं. मोकळ्या जागेचा रियाज कोण करतो? आठवड्यात त्याचे सगळे पोम तोंडपाठ झाले, एकाला एक चिकटून, आगगाडीच्या डब्यांसारखे.

पहिल्या तालमीला तो नवा शर्ट घालून गेला. हॉलला फरशी, काचेच्या खिडक्या आणि वर पत्रा. फोमचा एक तुकडा नाही. मास्तरने हात खाली आणला आणि सोफेवाल्याने सवयीप्रमाणे फुंकलं.

खिडक्या थरथरल्या. खाली डेपोत कोणीतरी ओरडलं, “गाडी मागे घेतोय का रे कोणी?”

बँड थांबला. ढोल वाजवणाऱ्या सिस्टर, म्हणजे दवाखान्यातल्या थोरल्या नर्सबाई, कानात बोट घालून म्हणाल्या, “आमच्याकडे या उद्या. झोपेचं औषध दिलेले सगळे पेशंट उठवून द्या.”

मास्तरच्या कपाळावरची शीर फुगली. सगळे वाट बघत राहिले. पण समोर बहिणीचा नवरा. मास्तरने ओठावर आलेली शिवी परत गिळली. “भाऊजी, जरा… हळू घेता का? तुमच्या सोयीने.”

दुसऱ्यांदा सोफेवाला हळू वाजला. पण शेवटच्या धूनमध्ये ती लांबलचक मोकळी जागा आली. तिथे ट्यूबा गप्प, कॉर्नेट, म्हणजे तुतारीसारखं छोटं पितळी वाद्य, वाजवणारा बस ड्रायव्हर एकटाच सूर खेळवत राहणार, मग सगळं शांत आणि त्या शांततेत ट्यूबाने एकट्याने सुरांचा जिना खाली उतरत यायचं, की त्याच्या पायावर सगळा बँड उभा राहणार. सोफेवाल्याच्या डोक्यात मोकळी जागा नव्हतीच. ड्रायव्हरने दम घेऊन सुरुवात केली न केली तोच हा जिना उतरून खाली हजर.

“अहो, मी अजून स्टॉपवरून निघालोय फक्त!” ड्रायव्हर कळवळला.

पुढच्या तालमीला तेच. त्याच्या पुढच्या तालमीला सोफेवाल्याने मोजायचं ठरवलं. ओठांत आकडे पुटपुटत बसला, मध्येच सिस्टरांच्या काडीकडे लक्ष गेलं, आकडा सांडला आणि यावेळी तो इतका उशिरा आला, की धून संपून कॉर्नेट पेटीत चाललं होतं. मास्तर प्रत्येक वेळी गोड आवाजात म्हणायचा, “हरकत नाही, भाऊजी.” ड्रायव्हरला मात्र अर्ध्या सुरासाठी “गाढवा” ऐकावं लागायचं. सोफेवाल्याला त्या गाढवाचा हेवा वाटायला लागला.

शेवटी मास्तरने नजर चुकवत सांगितलं, “त्या तेवढ्या जागेचं असं करू, भाऊजी, आपल्या डेपोच्या कॅशियरच्या कीबोर्डावर ट्यूबाच्या आवाजाचं बटण आहे. तो बरोबर मोजतो. तेवढं तो दाबेल. तुम्ही बसा की सोबत, शोभा येते.”

कॅशियर सज्जन माणूस. त्याने लगेच दाखवायला बटण दाबलं. पोम. अगदी स्वच्छ.

घरी जाताना सोफेवाल्याला ट्यूबा कधी नव्हे एवढा जड लागला. शोभेसाठी खुर्चीवर बसवून ठेवलेला माणूस! त्याने इतक्या खुर्च्यांना पोट भरून दिलं होतं, पण असली रिकामी खुर्ची पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुकानात एका मोठ्या सोफ्यावर रेक्झिन चढवायचं काम होतं. हे काम एकट्याचं नाही. एका बाजूने बायको ओढून धरायची, दुसऱ्या बाजूने तो ओढून टाचायचा. जरा कमीजास्त झालं की सुरकुती पडते आणि ती सुरकुती गिऱ्हाइकाला आधी दिसते. आज मात्र सुरकुतीवर सुरकुती.

“कुठे आहे लक्ष?” बायको रेक्झिन सोडून उभी राहिली. मग त्याने सगळं सांगितलं. बटणाचंही.

बायकोने सुरकुतीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “एक सांगा. मी तिकडून ओढते तेव्हा तुम्ही मोजता का काही?”

“मोजायचं काय त्यात?”

“मग टाचायचं कधी हे कसं कळतं?”

“तू ताण दिलास की माझ्या हाताला लागतं. तू जरा थांबलीस की मी…”

“तेच म्हणते मी. तिकडे दुसरं टोक त्या ड्रायव्हरच्या हातात आहे. तुम्ही पठ्ठे एकटेच ओढताय.” तिने पुन्हा रेक्झिन उचललं. “धरा आता. सोफा उद्या द्यायचाय.”

त्या संध्याकाळी त्याने खोलीतल्या फोमच्या लाद्या खोलीबाहेर काढल्या, आवाज पिऊन टाकायला नकोत म्हणून. मग ड्रायव्हरच्या भागाचं रेकॉर्डिंग मिळवलं आणि ट्यूबा मांडीवर घेऊन नुसतं ऐकत बसला. पुढे न सरकवता.

“आवाज येत नाही? झोपलात की काय?” बायकोने शिवणयंत्रावरून हाक मारली.

“वाजवतोय!”

“काय?”

“थांबणं!”

शेवटच्या तालमीला त्याने कॅशियरच्या शेजारची खुर्ची उचलली आणि ड्रायव्हरच्या खांद्यामागे नेऊन ठेवली. आता त्याला ड्रायव्हरची मान दिसत होती, सूर संपवताना खांदा किंचित खाली येतो तो दिसत होता. ताणलेल्या रेक्झिनवर बोट ठेवावं तसा त्याने सुरावर कान ठेवला. ड्रायव्हर थांबला, शांतता ताणली गेली आणि सोफेवाला मऊ पावलांनी खाली उतरला. सिस्टरांची काडी त्याच्या पायाशी येऊन बरोबर उभी.

मास्तर गोंधळला. “पुन्हा,” म्हणाला. पुन्हा तसंच. “ठीक आहे, भाऊजी, तुम्हीच घ्या. पण,” तो कॅशियरकडे वळला, “तू बटणावर बोट ठेव. सांगता येत नाही.”

बागेत माणूस मावत नव्हता. पहिल्या दोन धुनांना टाळ्या बऱ्या पडल्या. तिसरीत ड्रायव्हरची एकट्याची जागा आली, त्याने पहिला सूर लावला आणि समोरून शिट्ट्या. आता या माणसाला आयुष्यभर प्रवाशांनी फक्त “अहो, थांबवा” एवढंच ऐकवलेलं. शिट्ट्या ऐकून त्याला चेव चढला. त्याची ओळ संपली, थांबायचं होतं, तर गड्याने थांबण्याऐवजी तीच ओळ पुन्हा धरली. स्टॉप सोडून गाडी पुढे.

मास्तरचा हात हवेत तसाच राहिला. सिस्टरांची काडी खाली येता येता अडकली. कॅशियरने मोजलं होतं आणि अगदी बरोबर मोजलं होतं. त्याचं बोट खाली गेलं. पोम. ड्रायव्हरच्या सुराच्या मधोमध. कॅशियर बोट भाजल्यासारखं मागे घेऊन बसला. ज्याने ज्याने मोजलं होतं तो तो आता हरवला होता, आणि सगळ्यांचे डोळे ओठांना ट्यूबा लावून बसलेल्या सोफेवाल्याकडे.

सोफेवाला हलला नाही. आकडा त्याच्याकडे नव्हताच, मग सांडणार काय? त्याला एवढंच लागत होतं, की पलीकडचा माणूस अजून ओढतोय. ओढ बाबा. ड्रायव्हर नव्या वळणावरून गेला, वर चढला, समोरच्या म्हाताऱ्यांनी मान डोलावली. मग त्याचा खांदा किंचित खाली आला. सूर संपला.

बागेत चिटपाखरूसुद्धा बोलेना. सोफेवाल्याने ती शांतता ताणली, आणखी जरा ताणली, सुरकुती राहिली नाही असं हाताला लागलं, आणि टाचलं. पोम. एकेक पायरी खाली, अंधाऱ्या जिन्यात कोणी दिवा धरून उतरावं तसा. शेवटच्या पायरीवर त्याने वर्षानुवर्षं फोमने गिळलेला सगळा दम सोडला आणि त्या सुरावर ढोल, कॉर्नेटं, कॅशियर, झाडून सगळा बँड एकाच वेळी उभा राहिला. खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. लोक उठले होते. पहिल्या रांगेत त्याची बायको शेजारणीला कोपर मारून सांगत होती, “तो मागचा, तो मोठा पितळी… नाही हो, वाद्य नाही, त्याच्यामागचा माणूस. आमचे हे.”

धून पुन्हा वाजवावी लागली. यावेळी ड्रायव्हरने मुद्दाम तीन वळणं घेतली आणि कॅशियरने दोन्ही हात खिशात घातले होते.

पुढच्या तालमीला सोफेवाल्याला गिऱ्हाइकामुळे उशीर झाला. तो धापा टाकत हॉलमध्ये शिरला तेव्हा सगळे वाद्यं धरून बसलेले. मास्तर गर्रकन वळला, कपाळावर शीर फुगलेली.

“काय रे ए सोफा! घड्याळ बघता येत नाही तुला? का तेही कोणी पलीकडून ओढून धरायचं? इथे सगळा बँड तुझ्या नावाने खोळंबलाय, गाढवा!”

सिस्टरांनी काडी छातीशी धरली. मास्तरला स्वतःलाच धक्का बसला. त्याने जीभ चावली.

सोफेवाल्याच्या चेहऱ्यावर मात्र हसू मावत नव्हतं. तो टेचात चालत जाऊन ड्रायव्हरच्या मागे आपल्या खुर्चीवर बसला.

घरी गेल्यावरही ते हसू उतरलेलं नव्हतं. बायकोने विचारलं, “एवढं काय झालं?”

“तुझ्या दादाने आज मला सगळ्यांदेखत झापलं. गाढव म्हणाला.”

“अगं बाई! आणि तुम्ही हसताय?”

“अगं,” सोफेवाला ट्यूबा पुसायला फडकं शोधत म्हणाला, “अरे-तुरे करून म्हणाला!”