रिकाम्या फरशीवरचं पोतं

मंडळी, दुपारपासून मन अजून त्या गोदामातच आहे. खरं तर गोदाम नाहीच. आमच्या विद्यापीठात सप्लाय चेन शिकवायला व्हीआर चष्मे आणलेत. घातले की समोर रॅक, ट्रक, तांदळाची पोती.

आज तास चालू असताना लॅब झाडणाऱ्या, भरे गावच्या सुमनमावशी म्हणाल्या, "सर, मला बी बघू द्या की."

चष्मा घालून त्या हळूहळू चालल्या. "लई मोठं हाय वो!" मग एकदम थांबल्या. वाकून हवेतच कशाला तरी हात लावला आणि कपाळाला टेकवला.

"पाय लागला वो पोत्याला."

मुलांपैकी कुणी हसलं नाही. नंतर चष्मा न घालताही सगळे त्या रिकाम्या फरशीला वळसा घालून जात होते. लॅब बंद करताना मीही तसाच वळसा घातला.

तुम्ही तिथे पाय दिला असता?