पायातली कडी

प्रमिला गेल्याचा फोन अकोल्याहून आला तेव्हा मी अमरावतीला अंगणात स्कूटी पुसत होते. हातातलं फडकं हातातच राहिलं... किल्लीला अडकवलेली पत्र्याची कडी तेवढी हलत होती. ती कडी प्रमिलाची. खरं सांगायचं तर एका कोंबड्याची.

आम्ही कॉलेजच्या मैत्रिणी. मी शाळेत मराठी शिकवत राहिले, ती जनावरांची डॉक्टर होऊन अकोल्यात कोंबड्यांवर संशोधन करू लागली. "इतकी शिकली अन् शेवटी कोंबड्याच राखून राहिली!" असं मी चिडवायचे. ती चिडेल तर शपथ! "अव, लस आमी सगळ्याइलेच देतो. पण ते कोनाच्या अंगी किती लागते, ते रक्तात ठरते. घराण्यावर असते ते." कोंबड्यांत मानमोडीची साथ आली की गावची खुराडी रिकामी होतात, तरी एखादी कोंबडी ताठ मानेनं उकिरडा उकरत असते. तिच्या जनुकांत रोगाशी झुंजणारी खूण कोणती, हे प्रमिलाला शोधायचं होतं.

अमरावतीजवळच्या वलगावच्या वच्छलाबाईंच्या खुराड्यात तिला उघड्या, बिनपिसांच्या मानेचा एक कोंबडा सापडला. हवी ती खूण रक्तात असलेला तोवर तेवढा एकच. प्रमिलानं त्याच्या पायात कडी घातली, "याच्यासारखा दुसरा नाही" असं तोंडभर कौतुक केलं आणि पुढच्या रविवारी त्याला अकोल्याला न्यायला आम्ही दोघी स्कूटीवरून पोहोचलो. पाहतो तर ताटं मांडलेली, घरभर रश्शाचा वास.

"तुमाले लय आवडला होता ना ताई, मनून तोच कापला," वच्छलाबाई कौतुकानं म्हणाल्या. "तुमची कडी धुऊन ठेवली हाय."

पाहुण्याला घरातलं सगळ्यात चांगलं तेच वाढायचं, ही आपली रीत संशोधनाच्या धांदलीत बाईसाहेब साफ विसरल्या होत्या. तिचा चेहरा उतरला, पण ती मुकाट्यानं जेवायला बसली. दोन घास खाल्ले आणि विचारलं, "वच्छलाबाई, खुडूक कोंबडी बसवली का कोनती?" कोपऱ्यातल्या टोपलीत एक अंड्यांवर बसलेलीच होती. त्या अंड्यांतून निघालेल्या काही पिल्लांत बापाची ती खूण उतरली आणि प्रमिलाचं पुढचं सगळं काम त्यांच्यावर उभं राहिलं. निघताना ती कडी तिनं माझ्या किल्लीला अडकवली. "पुढच्या टायमाले आधी सांगाची याद राहीन."

इतक्या लवकर गेली म्हणून मला तिचा राग येतो. अजूनही येतो. पण तिचं काम पक्कं होतं. मागच्या साथीत वच्छलाबाईंचं खुराडं भरलेलं राहिलं, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

परवा वलगावला गेले. वच्छलाबाईंना काहीच कळलं नव्हतं. "ताई कवा येऊन राहिल्या? रगत घ्यासाठी हा राखला हाय त्याइच्यासाठी." खुंट्याला उघड्या मानेचा एक तुर्रेबाज कोंबडा बांधलेला. मी सांगितलं... त्या ओट्यावर बसल्या. मग मी किल्लीची कडी सोडवली. त्यांनी कोंबडा मांडीवर घट्ट धरला, मी ती त्याच्या पायात घातली.

"आता कापू नका बरं," मी म्हटलं.

डोळ्यांना पदर लावत त्या फणकारल्या, "मले येडी समजता काय? परवा जावई आला, तवा बी वांग्याचीच भाजी वाढली मी."